पाव हिस्सा

माशांच्या टाकीत करंगळी बुडवायची, जिभेला लावायची आणि डोळे मिटून म्हणायचं, "बराबर है." मीठ मोजायची काचेची नळी टाकी सांभाळणाऱ्या त्या गृहस्थांच्या खिशात असे, पण पहिला मान जिभेचा. एकदा न राहवून मी विचारलं, "आमटीचं मीठ बघताय का?"

"हौ मॅडम. फर्क इत्ताच है, इसमें के लोगां जिंदे रहना."

परदेशी वस्तू तेव्हा नुकत्याच सहज मिळू लागल्या होत्या. आमचे साहेब अमेरिकेहून परतून कुकटपल्लीत सॉफ्टवेअरची कंपनी काढून बसले होते. येणाऱ्याला दारातच समुद्राचे मासे दिसले पाहिजेत, हा त्यांचा हट्ट. हैदराबादेत समुद्र कुठला? हे गृहस्थ बाहेरून आलेल्या मिठाची पाकिटं बादलीत कालवून तो तयार करत. जामबागेत त्यांचं टीचभर दुकान होतं. ऑफिसची सगळी व्यवस्था माझ्याकडे, म्हणून तेही माझ्याकडे.

मागच्या काचेवर मेणाच्या पेन्सिलीने तीन उभ्या रेघा मारून त्यांनी टाकीचे चार भाग केले होते. एक शनिवार सोडून येत. एका वेळी एकाच भागातली रेती नळीने ढवळून घाण ओढत, आणि जेवढं पाणी जाई तेवढंच, आदल्या दिवशी कालवून ठेवलेलं, भरत. "पाव हिस्सा, बस. बाकी अगली बार."

मला ते पटत नसे. तुम्ही माझ्यासारख्या घरातल्या असाल तर तुम्हालाही पटणार नाही. बरकतपुऱ्यात आमच्याकडे नळाला एक दिवसाआड पाणी. तरी पाणी आलं की आधीचं शिळं म्हणून झाडांना ओतायचं, घागर घासायची आणि मगच भरायची. आणि हा माणूस तीन हिस्से शिळं पाणी मुद्दाम ठेवत होता!

"रेती में भी लोगां हैं, मॅडम," ते समजावत. "दिखते नहीं. मच्छी की गंदगी वोइच खाते. सब धो डाले तो घर कौन संभालना?"

मी मान हलवून पुढच्या कामाला लागायची.

त्याच सुमारास त्यांनी माझ्याकडे एक चिठ्ठी मागितली. एका मोठ्या हॉटेलात टाकी बसणार होती. "आपके दो लफ्ज मिले तो काम बनता, मॅडम." माझ्याकडे काहीतरी मागण्याची त्यांची ती पहिलीच वेळ. मी पानभर शिफारस टाइप केली. साहेबांची सही तेवढी राहिली होती.

एका सोमवारी परदेशी पाहुणे यायचे होते. रेतीवर तपकिरी साय धरली होती. शनिवारी ते आले तेव्हा मी म्हटलं, "आज सगळी रेती धुवा. पाणीही सगळं बदला."

"नक्को मॅडम. मच्छी मरते."

"स्वच्छतेने कोणी मरत नाही. वीस वर्षं घर चालवतेय मी."

ते हसले, आपला पाव हिस्सा केला आणि गेले.

दुपारी मी सफाईच्या दोघी बायकांना बोलावलं. मासे बादलीत काढले. रेती नळाखाली, तांदूळ धुतात तशी, पाणी निवळ येईपर्यंत धुऊन घेतली. मिठाची पाकिटं फोडून तिथल्या तिथे पाणी कालवलं. टाकी अशी लखलखली की मी दोन पावलं मागे सरून तिच्याकडे बघत राहिले.

सोमवारी पाणी दुधट झालं होतं. मासे वर येऊन तोंडं उघडत होते. पाहुणे यायच्या आत पाच मेले.

"टाकी कोणी साफ केली?" साहेबांनी विचारलं.

"शनिवारी ते आले होते," मी म्हटलं.

वाक्य खरं होतं. पुढचं वाक्य मी बोलले नाही.

त्यांना फोन करून बोलावलं. त्यांनी टाकीतली चिमूटभर रेती काढून हुंगली आणि माझ्याकडे पाहिलं. साहेब सगळ्यांदेखत ओरडत होते. ते टाकीपाशी उभे होते. थांबले होते खरं तर, माझ्यासाठी. मी हातातल्या फायलीचे कागद सारखे केले.

शेवटी ते म्हणाले, "पानी एकदम बदल गया, साब." कोणी बदललं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि साहेबांनी विचारलं नाही. उद्यापासून यायचं नाही, एवढंच साहेबांनी सांगितलं.

तरी दुपारी ते परत आले. एका हातात दुकानातल्या टाकीच्या जुन्या पाण्याचा कॅन, दुसऱ्या हातात ओल्या रेतीचा डबा. नारिंगी पट्ट्यांचा एकच मासा जिवंत होता. त्यांनी ती रेती हलक्या हाताने पसरली, करंगळी बुडवून चाखली. "बराबर" मात्र म्हणाले नाहीत.

जिन्यापाशी मी त्यांना गाठलं. "ती चिठ्ठी..."

"रहने दो मॅडम. साब अब सही नहीं करते." आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

जामबागेत जायला मला सहा महिने लागले. दुकानाला दुसऱ्याचं कुलूप होतं. शेजारच्या काचवाल्याने सांगितलं, "हॉटल का काम मिला नहीं. सामान उठाके चले गए." कुठे, ते त्याला माहीत नव्हतं. साहेबांना मी अजूनही काही सांगितलेलं नाही.

तो एकटा मासा मात्र जगला. पुढे एकदा सफाईची बाई ओलं फडकं घेऊन टाकीमागे गेली आणि म्हणाली, "अम्मा, पीछे लकीरां हैं. पोंछ देऊँ?"

"नको," मी म्हटलं. "राहू दे."

मासा पहिल्या रेघेपासून तिसरीपर्यंत गेला आणि वळला.