बर्फाचा चढ आणि माझी वानेट

सौदीत बर्फ पडतो असं गावी सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग चहा मागवतात. त्यांच्या डोक्यात सौदी म्हणजे वाळू, ऊन आणि तेल. पण या देशाच्या वरच्या कोपऱ्यात, जॉर्डनच्या सरहद्दीकडे, तबूक नावाचं शहर आहे आणि तिथून दोनेक तासांवर जबल अल लौज हा डोंगर आहे. एखाद्या हिवाळ्यात तो पार कमरेपर्यंत पांढरा होतो. मी तबूकमध्ये फरशा, नळ आणि कमोड विकायचो. दुकान कफिलाच्या, म्हणजे माझ्या सौदी जामीनदाराच्या नावावर, डोकं माझं. रत्नागिरीहून आलो तेव्हा दुसऱ्याच्या दुकानात फरशा उचलत होतो, त्यामुळे कुठल्या मालात किती हवा भरलेली असते ते मला बोट लावून कळतं.

बर्फाआधी जीपचं सांगायला हवं, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

हराज म्हणजे जुन्या गाड्यांचा बाजार. तिथे एका बदूकडे, म्हणजे वाळवंटातल्या अरबाकडे, चारही चाकांना जोर असलेली पांढरी जीप होती. मी तिच्यावर तीन शुक्रवार घालवले. पहिल्या शुक्रवारी तिला नावं ठेवली. दुसऱ्या शुक्रवारी बॉनेट उघडून नुसता उसासा टाकला. तिसऱ्या शुक्रवारी भाव बोललो आणि उठून चालू लागलो. त्यानं हाक मारली, मी वळलो नाही. पुढच्या शुक्रवारी तो माझ्या आकड्यावर येणार हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मधल्या गुरुवारी माझा साडू गेला, मी पाडलेल्या भावाला हो म्हणाला आणि जीप घेऊन आला.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. बँकेत संगणकावर काम करतो, इस्त्रीचा शर्ट घालतो, लेबलावरची किंमत वाचून पैसे देतो.

"भाईजान, मला वाटलं तुम्हाला ती नकोय," तो म्हणाला. "तुम्ही तर दर वेळी उठून जात होता."

"उठून जाणं म्हणजेच भाव करणं," मी म्हणालो. "एवढंही तुला बँकेत शिकवलं नाही?"

"मग मी पण उठून जायला हवं होतं का?"

"तू आधी जायलाच नको होतंस."

त्या दिवसापासून मी त्याच्या घरची पायरी चढलो नाही आणि तो माझ्या. मी माझ्यासाठी वानेट घेतली. तिकडे पिकअपला वानेट म्हणतात. पुढे एकच बाक, मागे उघडा हौदा आणि इंजिनाचा जोर फक्त मागच्या दोन चाकांना. फरशा वाहायला तेवढा पुरे.

आता यात एक गोष्ट अशी होती की त्या काळी तिथे बायकांना गाडी चालवायची परवानगी नव्हती. दोघी बहिणी एकाच शहरात, मध्ये चार सिग्नल, पण नवरे बोलेनात म्हणून त्यांची भेट बंद. फोनवर मात्र त्या इतकं बोलत की फोन कार्डं दुकानातूनच घाऊक आणावी असं मला वाटू लागलं होतं.

त्यातच बायकोचं गावी परतायचं ठरलं. मुलगी आजीकडे शिकत होती, तिचं दहावीचं वर्ष येत होतं. पासपोर्टवर खुरूजचा शिक्का बसला, म्हणजे आता गेली की परत येणं नाही. आणि जायच्या आठवड्यातच बातमी आली की लौजवर बर्फ पडलाय.

"मला बर्फ बघायचाय," बायको म्हणाली. "आणि धाकटीबरोबर बघायचाय. ती दोघं उद्या चालली आहेत. म्हणाली, तुम्ही पण आमच्या जीपमध्ये बसा."

"त्या जीपमध्ये मी पाय ठेवणार नाही."

"ठाऊक आहे. मग तुमच्या गाडीनं न्या. वर मैदान आहे म्हणे, सगळे तिथे जमतात. तिथे भेटू."

"दोन चाकांवर बर्फाचा चढ चढत नाही."

"ते तुम्ही आणि तुमची गाडी बघा. ती वर असणार, मी खाली राहिले, तर गावी गेल्यावर कुणाकुणाला काय सांगायचं ते मी बघेन."

ही धमकी पोकळ नव्हती. तिचे चार भाऊ आहेत.

सुदैवानं माझ्याकडे फरशा घेऊन येणारा एक तुर्की ट्रकवाला होता. मोठ्या तोंडाचा, बढाईखोर. त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्याच्या गावात मुलं बर्फातच जन्मतात. त्या संध्याकाळी तो दुकानात होता. मी विचारलं तसा तो खुर्चीत मागे रेलला आणि मोडक्या अरबीत सुरू झाला.

"मांडीवर उकळत्या चहाचा पेला आहे असं समजून चालव. सगळं हळू. गॅस हळू, स्टिअरिंग हळू. ब्रेक विसर. पहिल्या गिअरमध्ये चाक नुसतं फिरतं, दुसऱ्यात उचल. ज्या चाकांना जोर आहे त्यांच्या डोक्यावर वजन ठेव. आणि चढावर थांबू नकोस. थांबलास की मग माझी आठवण काढ."

"आणि उतरताना?"

"उतरताना पहिला गिअर आणि देवाचं नाव."

वजनाचा सल्ला मला पटला. पण फरशांच्या पेट्या गाडीत भरून सहलीला न्यायच्या आणि फोडून आणायच्या हे माझ्या स्वभावात बसत नाही. बघू म्हटलं.

दुसऱ्या दिवशी डोंगराच्या पायथ्याशी पोचलो तर जत्रा लागलेली. सौदी कुटुंबं सतरंज्या घालून बसलेली, चुली पेटलेल्या, मेंढीच्या कातड्याचे फरवे घातलेले म्हातारे खजूर खात होते. परतणाऱ्या गाड्यांच्या बॉनेटवर बर्फाचे ढीग थापलेले, शहरातल्यांना दाखवायला. बायकोनं बुरख्यावरून माझी माकडटोपी घातली होती. बिर्याणीचं पातेलं तिच्या पायांशी.

चढ सुरू व्हायच्या जागी जो तो टायरमधली हवा सोडत होता. वाळूत असंच करतात, टायर पसरट झालं की रुतत नाही. मीही सवयीनं वाकलो आणि हवा सोडली. मग दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उचलली. वानेट थोडी वर गेली, मागचा भाग म्हशीसारखा डुलला आणि चाकं जागच्या जागी फिरू लागली. दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा गाडी गुमान मागे घसरत पायथ्याशी आली. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर वाळूची युक्ती चालत नव्हती, म्हणून पायपंपानं हवा परत भरली. तो अर्धा तास मी काय काय बोललो ते बायकोनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

बाजूला सात-आठ पंजाबी उभे होते, पलीकडच्या पंजाबातले, जवळच्या शेतावर कामाला. चालत आलेले. मघाशी त्यांनी वर सोडाल का म्हणून विचारलं होतं आणि मी मान हलवून नाही म्हणालो होतो. आता मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. त्यांचा पुढारी चांगला जाडजूड होता, बाकीचेही काही वाळलेले नव्हते.

"आ जाओ भाई," मी म्हणालो. "पीछे बैठो, ऊपर छोड़ देता हूँ. मुफ़्त में."

पुढाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, मग चाकांकडे पाहिलं.

"मुफ़्त में किसका, सेठ? हमारा या आपका?"

तेव्हाच कळलं की हा माझ्यासारखाच आहे.

"वज़न आपको चाहिए," तो म्हणाला. "हम तो यहाँ भी ख़ुश हैं. बर्फ़ यहाँ भी है. पतीले में क्या है?"

त्याला अख्खं पातेलं हवं होतं. मी पाव म्हणालो. तो म्हणाला, पाव पातेल्याच्या बदल्यात आमच्यातला एकच मागे बसेल. मी नेहमीप्रमाणे उठून गेलो, म्हणजे गाडीत बसलो, दार आपटलं आणि गाडी सुरू केली. चाकं फिरली. गाडी तिथंच. मागून सगळे मनापासून हसले. उठून जाण्यासाठी निदान जाता तरी यावं लागतं.

"अहो," बायको म्हणाली, "पातेलं कुणी शिजवलं?"

"तू."

"मग अर्धं त्यांचं. भाई, बैठो."

"और चाय, भाभी?"

"चाय भी."

असा सौदा मी आयुष्यात बघितला नव्हता. पण ते सगळे हौद्यात चढले, मागच्या चाकांवर बरोबर गर्दी करून बसले आणि वानेट खाली दबली. दुसऱ्या गिअरमध्ये उचलली, चहाचा पेला मनात धरला, आणि ती निघाली. इतरांनी चाकोऱ्या घासून काच केल्या होत्या, म्हणून मी त्या सोडून बाजूच्या कोऱ्या बर्फावरून घेत होतो. तिथे टायर जरा चावत होतं. मागे पंजाब्यांनी गाणं धरलं होतं. वळण आलं की पुढारी छतावर थाप मारून सगळ्यांना एका बाजूला झुकवत होता. तो फुकट नव्हता, पण कामाचा होता.

तेवढ्यात मागून हॉर्न. पांढरी जीप आमच्या बाजूनं भरधाव वर गेली. साडूनं हात केला. मेहुणीनं खिडकीतून ओढणी हलवली. बायकोही हात हलवत राहिली, जीप दिसेनाशी झाल्यावरही.

"पोचतील ते," ती म्हणाली.

"पोचतील. चारही चाकं आहेत," मी म्हणालो. हे शब्द मला किती कडू लागले ते काय सांगू.

दोन वळणांनंतर जीप दिसली. रस्त्याच्या कडेच्या घळीत नाक खुपसून उभी होती. चारही चाकांना जोर असला की गाडी निघते छान, पण थांबायच्या वेळी तिलाही चारच चाकं, माझ्या गाडीइतकीच. वळणावर साहेबांनी ब्रेक दाबला असणार. कुणाला काही लागलं नव्हतं. साडू जीपभोवती फिरत होता, मेहुणी नवऱ्याचा कोट पांघरून रस्त्यात उभी होती आणि आमच्याकडे बघून दोन्ही हात वर करत होती.

खरं सांगतो, मला आनंद झाला. हळू, सावकाश, शेजारून जावं, काच खाली करावी आणि काही बोलू नये, असा बेत माझ्या मनात तयार होता.

"थांबवा," बायको म्हणाली.

"चढावर थांबायचं नसतं. थांबलो तर ही परत हलणार नाही. मग वर जाणं संपलं."

"मला कुठे वर जायचंय?"

"कालपासून वर वर तूच करत होतीस ना?"

"ती वर असणार होती म्हणून. आता ती इथे आहे."

मी पाय उचलला. गाडी आपोआप मंदावली, मेहुणीपासून दहा हातांवर थांबली, मी हँडब्रेक ओढला. बायको टोपीसकट उडी मारून पळाली. दोघी बहिणी एकमेकींना धरून अशा उभ्या राहिल्या की कोण रडतंय आणि कोण हसतंय ते बुरख्यांमुळे कळेना. हे पाहायला आणि जीप पाहायला पंजाबी सगळेच्या सगळे हौद्यातून खाली उतरले.

वजन गेलं. वानेट माझ्यासकट मागे निघाली, हँडब्रेकसकट, अगदी अदबीनं. ब्रेकवर पाय जायला लागला तो मी आवरला, स्टिअरिंग हळूच डोंगराच्या बाजूला वळवलं आणि तिचं बूड बर्फाच्या ढिगाऱ्यात जाऊन बसलं. एक दिवासुद्धा फुटला नाही.

साडू धावत आला. सहा महिन्यांत तो पहिल्यांदा माझ्याशी बोलत होता.

"भाईजान, लागलं तर नाही ना?"

"मला नाही. तुझ्या जीपला?"

"बंपर वाकला."

"बंपर मी पहिल्याच शुक्रवारी बघितला होता. पत्रा पातळ आहे."

"मग सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस कुठे?"

त्यानं माझ्या गाडीकडे नाक वळवलं. मग म्हणाला, "बिर्याणीचा वास येतोय."

तिथेच, अर्ध्या चढावर, सतरंजी पसरली. पंजाब्यांनी आधी जीप उचलून रस्त्यावर आणली, चाकांखाली माझ्या गाडीतल्या पायपुसण्या घालून, आणि मग आपलं अर्धं पातेलं मागितलं. तिखट बिर्याणीबरोबर बर्फ खाणारी माणसं मी तेव्हा पाहिली. बायकोनं मूठभर बर्फ उचलला, वास घेतला, "काहीच वास नाही ग," म्हणाली, आणि तो माझ्या कॉलरमध्ये सोडला. मेहुणी इतकी हसली की खालीच बसली. त्या दोघी वर गेल्या नाहीत आणि वर काय आहे ते कुणी विचारलंही नाही.

ऊन उतरू लागलं तशी निघायची वेळ झाली.

"मी तिच्याबरोबर जाते," बायको म्हणाली.

"जीपनं? आत्ता घळीत गेली होती ती."

"मग तुम्ही त्यांना सांगा ना कशी चालवायची."

म्हणजे सांगायला मलाच लावलं. मी साडूच्या खिडकीशी गेलो. "पहिला गिअर. ब्रेकला पाय लावायचा नाही, इंजिनच धरेल. मी मागे आहे. तुझा मागचा लाल दिवा पेटला की मी हॉर्न देईन."

"जी भाईजान."

पंजाब्यांनी उतरण्याचा वेगळा सौदा मागितला. उरलेल्या चहावर मिटला. बूड ढिगाऱ्यातून काढून, सगळे परत वजनाला बसवून, मी जीपच्या मागे निघालो. एरवी मी पुढच्या गाडीच्या इतका जवळ असतो की तिची नंबरप्लेट पाठ होते. त्या दिवशी सहा-सात गाड्यांचं अंतर ठेवलं. जीप मुंगीच्या चालीनं उतरत होती. लाल दिवा एकदाही पेटला नाही. मागच्या काचेतून दोन डोकी दिसत होती, एक माकडटोपीतलं. दोन्ही पुढे बघत नव्हती.

पायथा आला. बर्फ संपला, कोरडा डांबरी रस्ता सुरू झाला. बाजूनं गाड्या सुसाट तबूककडे निघाल्या. साडू मात्र अजून पहिल्याच गिअरमध्ये, जीपचं इंजिन रडत होतं. मी सांगितलं तेवढंच त्यानं ऐकलं होतं, दुसरा गिअर कधी टाकायचा ते मी सांगितलंच नव्हतं. बँकेतला माणूस.

पुढाऱ्यानं छतावर थाप मारली. "सेठ, बर्फ़ ख़त्म. हॉर्न मारो उसको."

माझा हात हॉर्नवरच होता. काचेतलं टोपीवालं डोकं दुसऱ्याच्या खांद्यावर टेकलं होतं. जीपचं मी विसरलेलो नाही, आजही विसरलेलो नाही.

"बैठो आराम से," मी म्हणालो, आणि मीही पहिलाच गिअर ठेवला.