सलीमभाईंची कावीळ

एकाच दुकानात वीस वर्षं बसलं की किस्से आपोआप साचतात. वणीत सलीमभाई पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात, मी त्यांचा भागीदार. जुने किस्से सांगताना आम्ही पोट धरून हसतो. गेल्या वर्षीचे सांगताना मात्र माझे तळहात अजून ओले होतात.

*

सुरुवात मुकुटबनच्या गिऱ्हाईकानं केली. मोटार उतरवता उतरवता तो थबकला. "सलीमभाई, डोये काहून पिवये दिसून राह्यले?"

"कालची भजी चढली असन!" सलीमभाई म्हणाले. सगळे हसले. मी नाही. आठवडाभर ते अंग खाजवत होते, दंडावर रक्ताचे ओरखडे होते.

*

कोणीतरी काविळीची माळ आणून दिली. माळ लांबली की कावीळ उतरली म्हणे! चार दिवसांत माळ बेंबीपर्यंत आली, सलीमभाई खूष. लघवी मात्र काळ्या चहासारखी. मी ओढूनच डॉक्टरकडे नेलं.

"पोट दुखते?"

"बिलकुल नाही, साहेब!"

"न दुखता कावीळ, तेच मले आवडलं नाही," डॉक्टर म्हणाले आणि नागपूरची चिठ्ठी लिहिली.

*

नागपुरात तोंडातून दुर्बीण घातली. मोठ्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. पित्ताची नळी आतड्यात जिथे उघडते, नेमकी तिथेच गाठ.

"म्हणजे नोझल चोक! साफ करून टाका न," सलीमभाई म्हणाले.

डॉक्टर हसले नाहीत. बारीक नळी टाकून पित्ताला वाट दिली, गाठीचा तुकडा तपासायला पाठवला. खाज थांबली. सलीमभाईंनी घरी जायला बॅग भरली, त्याच दिवशी रिपोर्ट आला. कॅन्सर!

*

ऑपरेशन सकाळी सुरू झालं. दुपार उलटली तरी दार बंद. सलीमभाईंच्या पत्नी शबानाभाभींचे ओठ दुआ मागत सारखे हलत होते. एकदम नर्स बाहेर आली. "सलीमभाईंचं कोण?"

भाभींनी माझं मनगट असं आवळलं की नखं रुतली. मी दुसरा हात वर केला.

नर्सनं माझ्या हातावर एक डबी ठेवली. "कवळी. सकाळी द्यायची राहिली!"

*

काढलेल्या गाठीचा पूर्ण रिपोर्ट आला, तर एकाच गाठीत दोन जातींचा कॅन्सर, एकमेकांत मिसळलेला. आधीच्या तुकड्यात एकच जात सापडली होती.

"दोन? मी तं एकासाठीच आलतो!" सलीमभाई म्हणाले. कोणी हसलं नाही. दुसरी जात भराभर पसरणारी, म्हणून केमो तिला धरून दिली. केस गेले, वजन गेलं. तरी दोन केमोंच्या मधे ते दुकानात येऊन बसायचे. "भाऊ, घरी सगळे माह्या तोंडाकडेच पाहून राह्यले."

*

परवा केमोनंतरचं स्कॅनिंग झालं. डॉक्टर म्हणाले, "आत्ता काही दिसत नाही. दर तीन महिन्यांनी या."

भाभी रडायलाच लागल्या. सलीमभाईंनी खुर्ची पुढे ओढली. "साहेब, असा दोन जातींचा तुम्ही आधी पाह्यला होता?"

"एक पेशंट होता."

"आता कसा हाय तो?"

डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं. "सलीमभाई, भाकर पचते ना तुम्हाला आता?"