माया कोकरेची केबल

माया कोकरेचा जन्म वाटेवर झाला. पाऊस सरल्यावर घरदार मेंढरं घेऊन बाहेर पडलं होतं, खंडाळ्याच्या अलीकडं कुणाच्या तरी रानात तळ पडला होता, तिथं ती झाली. चारदोन दिवसांत तळ हलला. जन्मगाव कुठलं, असं कुणी विचारलं की माया म्हणते, "लिवा कायबी. वडूज लिवा."

तळ हलवणं ही तिच्या बापाची, बिराप्पाची विद्या. भांडी, कांबळी, कोंबड्या, लेकरं, सगळं घोड्याच्या पाठीवर बसलं पाहिजे आणि घाटात हललं नाही पाहिजे. त्यात एक कायदा पक्का होता: मोकळी दोरी घोड्यावर जात नाही. ती लोंबते, घोड्याच्या पायात येते, मग घोडंही जातं आणि संसारही. म्हणून दोरी कुठलीही असो, दुमडायची, करकचून पीळ द्यायचा आणि वर गाठ मारायची. गुडघ्यांनी दगा दिल्यावर बिराप्पानं लांबची वाट सोडली आणि थोडी मेंढरं घेऊन वडूजजवळच्या कोकरेवस्तीवरच राहिला. पण हातांना ते कुणी सांगितलं नाही. बसल्या जागी काही नसलं तर तो धोतराच्या सोग्याला पीळ देतो.

माया दहावीपर्यंत शिकली, तीही तुकड्यातुकड्यांनी. मग लोणंदला एका कारखान्यात पॅकिंगला लागली. बायकांना संडासाला जायची सुट्टी मागण्यावरून ती सुपरवायझरशी भांडली आणि बाहेर पडली. काढलं की सोडलं, यावर दोन मतं आहेत; मायाचं मत सोडलं असं आहे. वस्तीवर परत आली तेव्हा तिच्याजवळ एक पिशवी होती आणि पिशवीत एक जुना लॅपटॉप.

लॅपटॉप सांगलीच्या सुकुमारचा. सुकुमार जैन कुटुंबातला, घरचा धंदा हळदीचा. पण त्याचं मन हळदीत कधी रमलं नाही. गावभागात एका बोळात त्यानं जुन्या कॉम्प्युटरचं दुकान टाकलं. माया तिथं गेली तेव्हा त्यानं मशीन पुढ्यात ठेवून स्वच्छ सांगितलं, "ताई, ह्यात विंडोज चालणार न्हाई, धापा टाकतंय. लिनक्स टाकलंय. फुकट हाय, पण डोकं लावायला लागतंय."

"डोकं हाय माज्याकडं," माया म्हणाली. "दुसरं कायच न्हाई."

त्यानंतर त्या दोघांची गाठ पडली ती फोनवरच. वायफाय गेलं, आवाज गेला, मराठी अक्षरं फुटली, की फोन सांगलीला. सुकुमार वैतागायचा, पण उचलायचा.

आता त्या वाटेबद्दल. वस्तीच्या वर गायरान आहे आणि गायरानापलीकडं पाझर तलाव. वस्तीची मेंढरं गायरानातून जाऊन तलावावर पाणी पितात. किती पिढ्या, ते कुणी मोजलेलं नाही. सौरऊर्जेवाल्या एका कंपनीनं गायरान भाड्यानं मागितलं. सगळीकडून तारेचं कुंपण होणार होतं. ग्रामसभेत ठराव यायचा होता. माया सरपंचांकडं गेली. सरपंच वीरधवल माणूस वाईट नव्हता. ज्या बाजूला जास्त माणसं, त्या बाजूला उभा राहणारा होता, इतकंच.

"वाट हाय म्हणतीस, पण नकाशात कुठं हाय?" सरपंच म्हणाले. "गाव नकाशात गायरान म्हणजे नुसता पांढरा तुकडा. दाखव सगळ्यांना, मग बोलू."

माणसं पिढ्यानपिढ्या चालतात ती वाट खरी नाही, कागदावरची रेघ खरी. बरं. मायानं रेघ काढायची ठरवली. सबंध उन्हाळा ती मोबाइल चालू ठेवून बापाच्या मेंढरांमागं चालली. मेंढरं जिथून गेली तिथून फोन गेला. सांजेला ती ते लॅपटॉपात उतरवायची आणि उपग्रहाच्या फोटोवर बसवायची. शेवटी जाड तांबडी रेघ तयार झाली, वस्तीपासून तलावापर्यंत, वळणावळणांची, नावानिशी: लवण, बाभळीचा उतार, ताल, म्हसोबा. फोनवर हे एका वेळी एका माणसालाच दिसतं आणि तो माणूस चष्मा विसरलेला असतो. म्हणून ग्रामसभेसाठी शाळेतला मोठा टीव्ही बिरोबाच्या सभामंडपात आणायचं ठरलं. शाळेनं दिलेली एचडीएमआय केबल मायानं आदल्या दिवशी सरपंचांकडं नेऊन जोडून बघितली. सरपंचांच्या घरच्या टीव्हीवर नकाशा लख्ख आला होता.

सभेच्या दिवशी दुपार कलताना मंडप भरला. मायानं केबल जोडली. टीव्ही काळा. मग निळा. मग त्यावर ‘नो सिग्नल’ ही अक्षरं इकडून तिकडं फिरायला लागली.

"रिमोटवर सोर्स बघ," सरपंच म्हणाले.

सोर्स बरोबर होता. तिनं तोच पुन्हा निवडला. केबल दोन्हीकडून काढून पुन्हा घातली. टीव्ही बंद करून चालू केला. अक्षरं फिरतच होती.

पुढच्या ओळीत दादासो बसला होता. त्याची विहीर आणि शाळूचं रान गायरानाला लागून. कंपनीचा रस्ता त्याच्या बांधावरून जाणार होता, रानापर्यंत आयती सडक येणार होती, म्हणून त्याला ठराव हवा होता. तो मांडी बदलून म्हणाला, "फुकटची सिस्टम, माये. फुकटात एवढंच दिसायचं."

"तात्या, तुमी विकत घेतलेली मोटार बी दोनदा जळली की."

मंडप हसला. दादासोही हसला, पण खाली बघून.

"पेनड्राइव्ह लावा की टीव्हीला," मागून कुणीतरी सुचवलं. टीव्हीच्या त्या भोकात पोरांनी खडूचा तुकडा ठोकून बसवलेला होता. दुसरी केबल गावात एकच, सरपंचांच्या घरची, आणि ती गवंड्यानं भिंतीत गाडून वर गिलावा केलेला. आदल्या दिवशी तिथं तपासणी झाली ती त्यांच्या टीव्हीवर आणि शाळेच्या केबलवर. म्हणजे केबल कालपर्यंत ठीक होती, हे मायाला पक्कं ठाऊक होतं. तिथंच ती फसली.

तिनं सांगलीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"बोला मायाताई," सुकुमारच्या तोंडात घास होता. "जेवायला बसलोय. दिवस मावळायच्या आत उरकायचं असतंय आमचं, तुमाला म्हाईत हाय."

"जेवा आवं, पण ऐका. टीव्ही नो सिग्नल म्हणतोय. आन् हितं सारं गाव बसलंय."

"डिस्प्लेच्या सेटिंगात टीव्हीचं नाव दिसतंय का?"

"दिसतंय. कंपनीच्या नावासकट."

"मग तार जित्ती हाय. लॅपटॉपला टीव्ही कळलाय. काल काय अपडेट केलता काय?"

मायानं केलं होतं. सभेत मध्येच काही अडायला नको म्हणून रात्री तिनं सगळं अपडेट करून ठेवलं होतं.

"झालं!" सुकुमार म्हणाला. "लग्नाच्या आदल्या दिवशी कोण डोकं भादरतंय का? नवं कर्नल, म्हंजे सिस्टमचं काळीज, आलं आसंल. रीस्टार्ट करा, आन् सुरुवातीलाच जुनं निवडा."

तिनं रीस्टार्ट केलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावल्या, तेव्हा मागच्या बाया पुढं सरकून बघायला लागल्या, त्यांना वाटलं नकाशा आला. जुनं कर्नल निवडलं. लॅपटॉप उठला. टीव्ही निळाच.

"मिरर करा, म्हंजे दोनीकडं तेच चित्र. न्हाई तर लॅपटॉपचा पडदा बंद करून नुसता टीव्ही चालू ठेवा."

तेही केलं. आता लॅपटॉपही काळा आणि टीव्हीही निळा. थोड्या वेळानं मशीननंच कंटाळून जुनी सेटिंग परत आणली.

सरपंचांनी घड्याळाकडं बघितलं. "माया, बाकीचे विषय हायत. ठराव वाचून घिऊ का?"

"जरा थांबा आवं!" ती ओरडली. मग हळू म्हणाली, "जरा."

ठराव वाचला की हात वर होणार, हे तिला कळत होतं. हात वर झाले की कुंपण. कुंपण झालं की बापानं मेंढरं विकायची.

केबल पुन्हा काढून बघावी म्हणून तिनं ती हातात घेतली आणि पहिल्यांदाच नीट बघितली. घाईत पिशवीतून ओढून काढताना तिनं गाठ सोडली होती, पण सोडली आहे हे डोक्यात नोंदलंच नव्हतं. केबल सरळ होत नव्हती. अंगात पीळ राहिला होता. मधोमध, गाठीच्या जागी, काळं आवरण पांढरट पडून चेपलं होतं. बोट फिरवलं तर आत काहीतरी कुरकुरलं.

ती गाठ तिला डोळे मिटून ओळखता आली असती.

आदल्या सांजेला पिशवी ओट्यावर उघडी राहिली होती. केबल बाहेर लोंबत असणार. उद्या लेक सभेला निघणार, आणि मोकळी दोरी घेऊन.

तिनं वर बघितलं. बिराप्पा खांबाला टेकून बसला होता. हातात टकळी होती, लोकरीचा धागा निघत होता. तिची नजर आली तशी त्यानं मान हलवली, होईल गं म्हणून.

"ताई?" फोनातून सुकुमार. "काय झालं? तार बघितली का?"

मंडपात सगळे ऐकत होते. दादासो पुढं झुकला होता.

"तार जरा थकलीय," माया म्हणाली. "आतनं."

"नाव दाखवतीया म्हणजे थोड्या तारा जित्या हायत आन् थोड्या दुखावल्यात," सुकुमार म्हणाला. "मग तिच्यावरचं वजं कमी करा. लय बारीक चित्र पाठवू नका. रिझोल्यूशन खाली आणा, आन् रिफ्रेश, म्हंजे सेकंदाला चित्र किती येळा बदलतंय ते, त्ये बी खाली. लंगड्या बैलाला जेवढं वढंल तेवढंच लादा. आन् माझी भाकरी गार झाली."

तिनं आकडा एक पायरी उतरवला. निळा. आणखी एक. टीव्ही काळा झाला, चमकला, पुन्हा काळा झाला. त्याखालचा रिफ्रेश निवडला. आणि चित्र आलं.

चांगलं आलं असं म्हणता येणार नाही. रान तपकिरी डागांचं, झाडं शेवाळासारखी. मायानं उन्हाळाभर बसून लिहिलेली नावं मुंग्यांची रांग झाली होती, एक अक्षर वाचता येत नव्हतं. फक्त जाड तांबडी रेघ तेवढी दिसत होती, आणि तलावाचा निळा डाग.

"हे कुठलं गाव?" कुणीतरी विचारलं.

"आपलंच हाय की. ते बघ, देवळाचं पत्र्याचं छप्पर चमकतंय."

"छप्पर न्हाई रं, ती शाळा."

"शाळा खालतीकडं. हा डांबरी रस्ता."

नावं वाचता आली असती तर माणसांनी ती वाचली असती आणि गप्प बसली असती. आता वाचता येईना म्हणून सगळे ओळखायला लागले. बाया उठून टीव्हीजवळ आल्या. एकीनं आपला गोठा शोधला. दुसरीनं तो गोठा नव्हे, उकिरडा आहे असं सिद्ध केलं. माया बोलायला उठली होती, ती तशीच उभी राहिली.

दादासो बराच वेळ टीव्हीकडं बघत होता. मग उठला, जवळ गेला, बोट ठेवलं.

"हा गोल डाग म्हणजे आमची हिर न्हवं का?"

"व्हय तात्या," माया म्हणाली.

"आन् ही रेघ हितं वळसा घालून का गेलीया? सरळ गेली आसती तर जवळ पडलं आसतं."

"मेंढरांना इचारा. माझा फोन त्यांच्या मागनं गेलाय."

"मेंढरांना काय इचारायचं? माज्या बानं दगडाचा ताल घातलाय तिथं. मेंढरं शाळवात येऊ नयेत म्हणून. तवापासनं ती तिकडनंच जात्यात." त्यानं बोट रेघेवरून गायरानात नेलं आणि थांबला. "आन् कुंपण कुठनं येणार हाय?"

मायानं बटण दाबलं. काळी चौकट उमटली. तांबडी रेघ चौकटीवर येऊन अडत होती.

"मग मेंढरं कुठनं जाणार?"

चौकटीच्या एका अंगाला ओढ्याची दरड, दुसऱ्या अंगाला दादासोचा शाळू.

"आवं सरपंच," दादासो वळून म्हणाला, आणि आता त्याचा आवाज मंडपात सगळ्यांत मोठा होता, "हे असं चालणार न्हाई. वाट हाय तिथं ऱ्हायला पायजे. कुंपणवाल्यांना सांगा, वाट सोडून काय ते बांधा. माज्या रानातनं मेंढरू गेलं तर मी ऐकून घेणार न्हाई."

"तात्या, मघाशी तुमी..."

"मघाशी दिसत नव्हतं!"

सरपंचांनी मंडपावर नजर फिरवली. माणसं कुठल्या बाजूला जास्त आहेत ते बघितलं. ठरावात वाक्य घातलं: पाणवठ्याची वाट मोकळी ठेवून. हात वर झाले, मायाचाही झाला.

"ताई, झालं का?" फोन अजून चालूच होता. "मी आचवलो."

"झालं आवं. एक तार पायजे. सांगलीला येती."

घरी जाताना बिराप्पानं विचारलं, "मशिनीला काय झालतं गं?"

"काय न्हाई आबा. सिग्नल न्हवता."

"डोंगराआड न्हाईच लागत," तो म्हणाला.

पुढच्या आठवड्यात माया सांगलीहून दोन केबल घेऊन आली, एक शाळेची, एक आपली. आपली तिनं सैल गोल गुंडाळून भिंतीवरच्या खुंटीला उंच अडकवली, बिराप्पाचा हात पोचणार नाही अशी. जुनी ओट्यावर टाकली. सांजेपर्यंत ती तिथून गेली.

आता ती मेंढवाड्यात आहे. एका अवखळ कोकराच्या गळ्यातून खुंट्यापर्यंत, करकचून पीळ दिलेली, गाठ मारलेली, चकचकीत टोक वर काढलेली. येणाऱ्याजाणाऱ्याला बिराप्पा दाखवतो.

"शाळंची हाय," तो म्हणतो. "लय गुणाची. कसाबी पीळ द्या, कायबी हुत न्हाई."