पाण्यात न बुडवलेला रेडिएटर

आमच्या जुन्या पिकअपचा रेडिएटर मिस्त्रींनी उघडला तेव्हा तो आतून पिवळाजर्द निघाला. मी त्या वेळी नांदेडला कॉलेजात होतो, पण माझ्या आईनं, अव्वानं, हे इतक्यांदा सांगितलं आहे की मी समोर उभा होतो असं वाटतं. आप्पा, म्हणजे माझे वडील, रेडिएटर गळायला लागला की त्यात मूठभर हळद टाकत. हळद फुगते आणि भोक बुजतं. सगळेच ड्रायव्हर तेव्हा असं करत. दोन वर्षं धड पाऊस नव्हता, गाडीला बोअरचं खारं पाणी मिळे, त्याचा थर वेगळाच. मुखेडहून आलेले मिस्त्री आत बघून म्हणाले, "आप्पा, ह्यात पाणी न्हाई, पिठलं शिजून राहिलंय. दुसरा आणा."

आमचं गाव जळकोटच्या अलीकडे. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. वाड्यांवर पिंपांनी पाणी पोचवायला सरकार खाजगी गाड्या भाड्यानं घेणार होतं, आणि त्यांची तपासणी पुढच्या सोमवारी लातुरात होती. यादीत नाव आलं तर पिकअप आमच्याकडे राहणार होती. नाही आलं तर विकायची, हे आप्पांनी ठरवलं होतं. गाडी चालवण्याशिवाय त्यांना दुसरं काही येत नव्हतं.

एसटीच्या कंडक्टरच्या हाती त्यांनी मला एक सुतळी पाठवली. एका टोकापासून पहिल्या गाठीपर्यंत उंची, तिथून दुसऱ्या गाठीपर्यंत रुंदी. सोबत निरोप : भंगार बाजारात ह्या मापाचा बघ, आणि पाण्यात बुडवून बघितल्याशिवाय घेऊ नको.

माप तिसऱ्या दुकानात जुळलं. दुकानदारानं रेडिएटर धुळीतून ओढून माझ्यापुढे ठेवला. मी म्हणालो, "पाण्यात बुडवून दाखवता का?"

"काय करतोस तू?"

"कॉलेजात आहे. सायन्सला."

"मग तुला दिसत न्हाई का, हौदात पाल फिरून राहिली?" त्यानं कोरड्या हौदाकडे हात केला. "इथं प्यायला पाणी न्हाई अन् तुझ्या रेडिएटरला आंघोळ घालू?"

दुकानातले दोघे हसले. मग त्यानं रेडिएटरचं एक तोंड तळव्यानं दाबलं, दुसऱ्यातून फुंकलं आणि म्हणाला, "बघ, निघाली का हवा?" शेजारी पत्रा ठोकत होते. मला काहीच ऐकू आलं नाही. मी म्हणालो, "नाही निघाली." बादलीभर पाणी कुठून तरी मागून आणता आलं असतं. मला मागायचा संकोच वाटला. आपल्याला माणसांशी बोलताच येत नाही, असं तेव्हा वाटायचं.

बसमध्ये तो मी मांडीवर घेऊन गावी गेलो.

रविवारी मिस्त्रींनी तो दारातच बसवला. आप्पांनी विभूतीची तीन बोटं त्यावर ओढली. पाणी हवं होतं. अव्वा पहाटेपासून विहिरीवर बसून दोन घागरी घेऊन आली होती. तिनं त्या दोन्ही गाडीशेजारी आणून ठेवल्या. आप्पांनी इंजिन सुरू केलं. थोड्या वेळानं खालच्या कोपऱ्यातून थेंब पडू लागले, मग धार लागली. अव्वानं धावत जाऊन घमेलं आणलं आणि धारेखाली सरकवलं.

आप्पांनी इंजिन बंद केलं. माझ्याकडे वळून विचारलं, "बुडवून बघितला होता न्हवं?"

मी म्हणालो, "हाव."

"मग बसमध्ये आदळला असंल," ते म्हणाले. "रस्ता लई खराब हाय."

मिस्त्री वाकून बघत होते. तिथं कुणीतरी पूर्वी दिलेला कथिलाचा डाग होता, तो उचकटला होता. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हाव, आदळलाच असंल." मग भर उन्हातच त्यांनी स्टोव्ह पेटवला आणि नवा डाग दिला. मला लाज वाटायला हवी होती. मी घमेल्यातलं पाणी बघत होतो. त्यावर तेलाचा तवंग आला होता.

सोमवारी मागे पाण्याचं पिंप ठेवून आम्ही लातूरला निघालो. वाटेत रेडिएटरमध्ये पाणी ओतायला चार वेळा थांबलो. नव्या कचेरीसमोर गाड्यांची रांग होती. भरलेली पिंपं घेऊन मैदानाला फेऱ्या मारायच्या आणि मग इंजिन चालू ठेवून उभं राहायचं, अशी तपासणी. आमची गाडी तिसऱ्या फेरीला वाफ सोडू लागली. कागद धरलेले साहेब चांगले बोलले. म्हणाले, "मामा, वाडीवरच्या बायका घागरी घेऊन बसणार आणि तुम्ही रस्त्यात. कसं घ्यावं?"

"न्हाई साहेब, पोरानं पाण्यात बुडवून बघून आणला होता," आप्पा म्हणाले. "सायन्सला हाय तो. बसमध्ये आदळला."

साहेबांनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि पुढच्या गाडीकडे गेले.

आप्पा मला म्हणाले, "तू इथूनच नांदेडची बस धर. उद्या कॉलेज हाय." मी सोबत येतो म्हणालो नाही. मला काही वाटत नव्हतं. दुःख म्हणावं असंही काही नव्हतं, फक्त कान बंद झाल्यासारखे होते.

अहमदपूरच्या अलीकडे बसनं आमच्या पिकअपला मागे टाकलं. ती कडेला उभी होती, बॉनेट उघडं होतं. आप्पा हाताला फडकं गुंडाळून रेडिएटरचं झाकण सैल करत होते. कंडक्टर माझ्या शेजारीच उभा होता. सांगितलं असतं तर त्यानं घंटी मारली असती. धूळ येत होती म्हणून मी काच ओढून घेतली.