लिओनाची यादी आणि रायनहोल्डच्या तारा

"त्या म्हाताऱ्यानं तारा जोडल्या आणि बायकोचं काम घालवलं," असं रायनहोल्ड बिट्झबद्दल आमच्या गावात आजही कुणी बोललं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. राग त्या बोलणाऱ्याचा नसतो, माझाच असतो. का, ते सांगते.

रायनहोल्डनं चाळीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर चढउतार केली. आमच्या अमेरिकेतल्या उत्तर डाकोटातलं वारं काय चीज आहे, हे खांबावर चढलेल्यालाच ठाऊक. माणूस मोजकं बोलणारा. बोलायचं खातं बायकोकडे होतं. लिओना माझी शाळेपासूनची मैत्रीण; तिच्यापुढे पाद्रीबुवांनासुद्धा वाक्य पुरं करता यायचं नाही. जुन्या बँकेच्या इमारतीत तिनं वंशावळींचं केंद्र काढलं. आधी रशियात वसलेले आणि तिथून इकडे आलेले आपले जर्मन पणजोबा कुठल्या खेड्यातले, कुणाची मुलगी कुणाकडे दिली, हे शोधायला लोक लांबून यायचे. आम्ही पाच म्हाताऱ्या तिथे फुकट राबायचो आणि भांडायचो मात्र पगारी असल्यासारख्या.

लिओनाचा जीव अडकला होता तो एका यादीत. माळावर चार दफनभूमी आहेत. मोठ्या माणसांवर लोखंडी क्रूस, पोरांवर लाकडी. घटसर्पानं, तापानं गेलेली तीनशे बारा लेकरं. लिओनानं एकेक क्रूस वाचून, कुठल्या ओळीत कोण, ते लिहून काढलं. पुढे दुष्काळात वणवा लागला आणि लाकडी क्रूस जळून गेले. आता तिथे नुसतं गवत. तिच्या वह्याही पुराच्या पाण्यात कुजल्या, पण नशिबानं त्याआधी तिनं यादी कॉम्प्युटरवर चढवली होती. कुठलं मूल कुठे झोपलंय, हे त्या यादीशिवाय कुणालाच सांगता येत नव्हतं.

नव्याण्णवच्या एप्रिलमध्ये लिओना कर्करोगानं गेली. शेवटच्या आठवड्यात माझ्याकडे बोट दाखवत रायनहोल्डला म्हणाली, "यादी सगळ्यांकडून तपासून घे आणि छाप. या टिलीच्या भरवशावर बसू नकोस, हिचा अर्धा दिवस चष्मा शोधण्यात जातो."

यादी होती खिडकीजवळच्या एकाच कॉम्प्युटरवर. पाच जणींनी तपासायची तर रांग लागायची. म्हणून वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी रायनहोल्डनं केंद्रातले चारही कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचं मनावर घेतलं. पुस्तक आणलं, तारा आणल्या, बँकेच्या जाडजूड भिंतीला भोकं पाडली. एकदा टेबलाखाली त्याचे नुसते पाय दिसत होते.

"रायनी, मेलास की काय रे?" मी विचारलं.

"नाही गं. उठता येत नाहीये."

तीन आठवडे लागले. एका मशिनवरून दुसऱ्यावर प्रोग्राम न्यायला त्याला फ्लॉप्या हव्या होत्या. लिओनाच्या खणातल्या दोन त्यानं पुसून घेतल्या. त्यांच्यावर यादीचीच प्रत होती. मी म्हटलं, "अरे, राहू दे ना." तर म्हणाला, "चार-चार ठिकाणी दिसणार आता, प्रत कशाला हवी?"

बुधवारी दुपारी चारही पडद्यांवर यादी उघडली. त्यानं टोपी काढून हातात धरली. मी म्हटलं, "लिओना असती तर म्हणाली असती, एवढ्याशा कामाला तीन आठवडे?" तो हसला. एप्रिलनंतर त्याला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

गुरुवारी पाळी माझी. केंद्र बंद करताना मशीन साफ करायचं, हा नियम लिओनाचाच. आल्यागेल्यांच्या कागदांत जिवंत माणसांची नावं असतात, ती मागे ठेवायची नाहीत. नऊ वर्षं मी तो नियम डोळ्यांत तेल घालून पाळला. त्या दिवशी माझ्या पडद्यावर यादीही दिसत होती. मला वाटलं, खरी यादी खिडकीजवळच्या मशिनवर आहे, ही आपल्याकडे आलेली प्रत. माझ्या मशिनवर दिसतेय म्हणजे माझ्याच मशिनवर असणार, एवढी माझी अक्कल. मशिननं विचारलं, नक्की काढायची? मी हो म्हटलं आणि कोट चढवला.

शुक्रवारी सकाळी क्रिस्टिना हाउक आली. वय चौऱ्याऐंशी, हातात काठी आणि आलुबुखाराचा कुखन, म्हणजे आमचा जर्मन केक. तिची धाकटी बहीण तान्ही असताना गेली होती, आणि आईला दिलेल्या शब्दाप्रमाणे क्रिस्टिनाला बहिणीच्या जागेवर नावाचा दगड बसवायचा होता. रायनहोल्डनं तिला खुर्ची दिली आणि मोठ्या ऐटीत मशीन लावलं. यादी नव्हती. दुसऱ्या मशिनवर बघितलं, तिसऱ्यावर बघितलं. तेव्हाच मला उमगलं: चारही पडद्यांवर दिसत होती ती एकच यादी, आणि ती मी पुसली होती.

"सावकाश शोध," क्रिस्टिना म्हणाली. "मी थांबते."

ती दुपारपर्यंत थांबली.

नंतर सगळ्यांसमोर रायनहोल्ड म्हणाला, "चूक माझी. तारा मी जोडल्या." मी कॉफी ओतत होते. शब्द ओठांपर्यंत आले होते. पण एकीनं फटकन म्हटलं, "सांगत होते, नको ते उद्योग करू नकोस!" आणि मी पुढचा कप भरायला घेतला. त्यानं केंद्राच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. पुन्हा तो कधी आला नाही. फार्गो शहरातून एक कॉम्प्युटरवाला बोलावला, त्यालाही काही परत मिळालं नाही.

तीन वर्षांनी कळलं की त्याला वृद्धाश्रमात हलवलंय आणि दिवस फार उरलेले नाहीत. तेव्हा कुठे मी गेले. पलंगाशेजारी बसले आणि सगळं ओकून टाकलं.

"माहीत आहे," तो म्हणाला. "त्याच दिवशी पाळीच्या वहीत तुझी सही बघितली. 'साफ केलं, टिली,' असं लिहिलं होतंस. तुझ्याइतकं मन लावून साफ करतंय कोण?"

"मग तेव्हा बोलला का नाहीस, मेल्या?"

"फ्लॉप्या मी पुसल्या होत्या. तुला कुठल्या तोंडानं बोलणार?" त्याला धाप लागली. मी पाणी दिलं, ते त्यानं घेतलं नाही. "पण तू येशील असं वाटायचं. लिओनाबद्दल बोलायला गावात तुझ्याशिवाय कोण होतं मला? यादी गेली ती गेली. तिच्या पाठोपाठ तूही गेलीस."

तीन वर्षं मी त्याचं घर चुकवून, लांबच्या रस्त्यानं दुकानात जात होते.