प्राणवायू सर

देवपूरच्या कॉलेजात अभिमन सरांना पोरं 'प्राणवायू सर' म्हणत आणि ते बिचारे त्याला मान समजत. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांच्या तुकड्यांपासून जळाऊ वायू करायचा, हा त्यांचा विषय. भट्टीत हवा मोजूनच सोडायची. प्राणवायू कमी पडला तर आग विझते, जास्त झाला तर इंजिनाला द्यायचा वायू भट्टीतच जळून जातो. कॉलेजच्या एकुलत्या एका कॉम्प्युटरवर, चपला बाहेर काढून, सर हा प्राणवायू दशांश चिन्हापुढच्या तीन आकड्यांपर्यंत मुठीत ठेवत. पडद्यावरची भट्टी त्यांच्यावर कधी रुसली नाही. रुसेल कशी? तिच्यात माणूस नावाचा प्राणी घातलेलाच नव्हता.

एक्याण्णव साली साक्रीकडच्या एका टेकडीवरच्या वस्तीला सरकारने अशी खरी भट्टी दिली आणि ती चालवून द्यायला सरांना पाठवलं. तिच्या वायूवर इंजिन, इंजिनावर पंप, आणि नाल्यातल्या विहिरीचं पाणी थेट वर. अट एकच होती. उद्घाटनाला येणाऱ्या सरकारी साहेबांसमोर चालली तर भट्टी राहील, नाहीतर परत जाईल.

"भट्टीचं झाकण कोणीही उघडायचं नाही, हवा शिरली की संपलं," असं सर वस्तीला रोज बजावत. पाणी वाहून मान आखडलेल्या भागाबाईने तर झाकणाजवळ कोंबडीसुद्धा फिरकू दिली नाही.

साहेब आले. इंजिन लागलं, नळाला पाणी आलं, बाया हसल्या. तेवढ्यात साहेबांना भक्ती सुचली. "नव्या अग्नीला आहुती नको? तूप आणा, नारळ आणा."

"सर, त्यासले 'नही' सांगा ना!" भागाबाई कळवळली.

सरांनी तोंड उघडलं, पण 'नाही' काही बाहेर पडेना. निघालं ते "अवश्य, साहेब." आणि त्यांनी स्वतःच्या हाताने झाकण उघडलं.

भप्पकन जाळ उठला. साहेबांच्या भुवया गेल्या. इंजिनाने उचक्या दिल्या, नळ बंद पडला, आणि वाकलेलं झाकण पुन्हा घट्ट बसेना. भट्टी ट्रकवर चढली. 'ग्रामस्थ अडाणी' असा साहेबांनी शेरा मारला आणि सरांनी त्यावर मान डोलावली. त्या डोलावलेल्या मानेची मला अजून चीड येते.

ट्रक निघताना भागाबाईने सरांना गाठलं. "सर, तुमना कंपुटरमा तं पानी उनं व्हतं ना?"

"हो, पडद्यावर भरपूर आलं होतं!" सरांचा चेहरा उजळला.

"मंग तठूनच भरी द्या," म्हणत तिने रिकामा हंडा त्यांच्यापुढे ठेवला.