फडक्यावरचा बेडूकमासा
ओल्या फडक्याला दुधाचा आंबूस वास आला, की शिरूरकडच्या आमच्या गावातली दूध संस्था आठवते. मी तिथं माप घ्यायचो. दुष्काळी उन्हाळ्यात सगळं शिवार कोरडं पडलेलं, फक्त संस्थेमागं कॅन धुतलेल्या पाण्याचं डबकं साचायचं. गुळगुळीत बेडूक आणि खरबरीत पाठीचे भेक, सगळे त्याच डबक्यात अंडी घालत; कुणाची साबुदाण्याच्या गोळ्यासारखी, कुणाची काळ्या मण्यांच्या सरीसारखी. एका सकाळी एकाच म्हशीवर भागवणाऱ्या मावशीचं दूध गाळलं आणि फडक्यावर काळा बेडूकमासा वळवळला. रांगेतले लोक पुढं सरकून बघू लागले. चेअरमननं लॅक्टोमीटर टाकून बघितला, दूध चोख निघालं, तरी त्याचा संशय फिटेना. "पाणी घातलं न्हाई, तर हे निघालं कावून?" मावशी म्हणाली, "प्यायला टँकरची वाट बघतो आमी, दुधात घालाया पाणी आणू कुठून?" मागून कुणीतरी म्हणालं, "संस्थेमागं डबकं हाय की!" मग जो तो शेजाऱ्याच्या किटलीत डोकावू लागला. मावशी मात्र माझ्याकडं बघत होती. त्या दिवशी टाकीत थेंब नव्हता, म्हणून ते फडकं मीच पहाटे डबक्यात खळबळून आणलं होतं. मी मापावरची मान वर केली नाही. तिनं दूध दारातच ओतलं आणि पुन्हा कधी संस्थेत आली नाही. आजही दूध गाळण्याआधी मी रिकामं फडकं उजेडात धरतो. "काय बघताय?" बायको विचारते. "काही नाही," मी म्हणतो, आणि तिचाही विश्वास बसत नाही.